सहकारी साखर कारखान्याचा फायदा कुणाकुणापर्यंत पोचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ऊसपट्ट्यातल्या सभासदांसाठी आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या, पण गावाकडे वडिलांच्या नावावर ऊस असलेल्या त्यांच्या मुलामुलींसाठीही आहे. सहकारावर भाषणं पुष्कळ होतात, हिशोबावर कमी बोललं जातं. म्हणून इथे भर हिशोबावर ठेवला आहे: पैसा कुठून येतो, कुणाच्या हातात पडतो आणि कुणाच्या दारापाशी येऊन थांबतो.

शेतकऱ्याला स्वतःचा कारखाना कशाला हवा? जो जास्त भाव देईल त्याला ऊस विकला की झालं ना?

कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात ठेवता येतं. तोडलेला ऊस ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत तो कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपाच्या तोंडाशी) पडला नाही तर वजन घटतं, रसातली साखर मोडायला लागते आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं शेकडा प्रमाण, खाली येतो. शिवाय एक टन ऊस वाहून नेला की त्यातून साखर निघते शंभर-सव्वाशे किलोच्या आत. बाकी सगळं पाणी, चोथा आणि मळी. एवढ्या ओझ्याचं भाडं लांबच्या कारखान्यापर्यंत परवडत नाही. म्हणजे शेतकऱ्याला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक असतात एक किंवा दोन, आणि ही गोष्ट त्या गिऱ्हाइकालाही पक्की ठाऊक असते. ऊस बारा-चौदा महिने वाढवून झालेला, तोड लांबली तर तुरा येणार, पुढचं पीक अडकणार. अशा वेळी भाव ठरवणारा एकटा खरेदीदार असेल तर विकणाऱ्याचं काही चालत नाही.

कारखानदाराचीही अडचण आहे, ती विसरू नये. त्याने कोट्यवधींची यंत्रं बसवलेली असतात आणि ती वर्षातले चार-पाच महिनेच चालतात. त्या दिवसांत ऊस कमी पडला तर व्याज डोक्यावर बसतं. दोघेही एकमेकांवर अवलंबून, आणि दोघांनाही दुसरा अडवून धरेल ही धास्ती. यावर शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ऊस विकणारा आणि विकत घेणारा एकच करून टाकणे. गुऱ्हाळाची वाट पूर्वीही होती, आजही आहे, पण गुळाचा बाजार सगळा ऊस पचवू शकत नाही.

सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात नगर जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठीच का झाली?

कारण तिथे पाणी आलं होतं, पण पाण्याचा पैसा दुसरीकडे जात होता. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. अशा कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस लावत. ज्याची जमीन, तो खंडकरी म्हणून बाजूला उभा. ज्यांनी स्वतः ऊस लावला त्यांची गाठ गुळाच्या पडत्या भावाशी आणि सावकाराशी.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये गावात पतपेढी काढून सहकाराचा श्रीगणेशा केला होता. कारखान्याच्या वेळी त्यांच्या जोडीला आले धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते संस्थापक-संचालक, म्हणजे रूढ अर्थाने शेतकरी नव्हेत. तरीही पहिले अध्यक्ष तेच झाले आणि बराच काळ राहिले. मुंबई राज्यात अर्थ आणि सहकार खातं वैकुंठभाई मेहतांकडे होतं. गावोगाव फिरून गोळा केलेलं भागभांडवल, सरकारचं भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज अशी तिहेरी मोट बांधली गेली आणि १९५०–५१ च्या हंगामात रोज ५०० टन गाळपाचा कारखाना सुरू झाला.

गाडगीळांच्या निवडीचं महत्त्व मला फार वाटतं. शेअरसाठी घरातला दागिना मोडणाऱ्या माणसाला एकच भीती असते: माझा पैसा कुणीतरी खाईल. कर्ज देणाऱ्यालाही तीच भीती. ज्याचा स्वतःचा ऊस नाही, ज्याला भाव चढवण्यात वा पाडण्यात स्वार्थ नाही, असा अध्यक्ष खुर्चीत बसला की दोघांचीही भीती कमी होते. पुढच्या कारखान्यांनी प्रवरेच्या इमारतीचा आणि पोटनियमांचा नमुना उचलला. हा भाग मात्र फारसा कुणी उचलला नाही.

सहकारात नफा नेमका जातो कुठे? लाभांश तर नगण्यच असतो.

नगण्यच असायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६७ नुसार लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. कलम ६६ नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. खासगी कंपनीत पैसा घालणाऱ्याला भागावर परतावा हवा असतो. इथे सभासदाला परतावा मिळतो तो उसाच्या दरातून. ज्याचा ऊस जास्त गेला त्याला जास्त, भाग कितीही असोत. मत मात्र प्रत्येकाला एकच.

म्हणून सहकारी कारखान्याचा ताळेबंद वाचताना एक पथ्य पाळावं. नफा कमी दिसला म्हणजे कारभार वाईट, असं लगेच ठरवू नये. दर चांगला दिला असेल तर नफा कमीच दिसणार. उलट नफा भरघोस आणि दर शेजारच्यापेक्षा कमी, तर सभेत उभं राहून विचारायला हवं.

आयकर खात्यालाही हा गुंता बरीच वर्षं सुटला नव्हता. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा दिलेली जादा रक्कम हा खर्च नसून नफ्याचं वाटप आहे, असं धरून कारखान्यांना नोटिसा जात होत्या. २०१५ च्या कायदाबदलाने पुढच्या काळासाठी वाट निघाली आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६–१७ पूर्वीच्या रकमांनाही दिलासा मिळाला. सरकारचाच अंदाज होता की त्यातून साखर सहकाराचा जवळपास १०,००० कोटी रुपयांचा बोजा उतरेल.

एफआरपी कायद्याने मिळतेच. मग सहकाराची गरज काय उरली?

आधी एफआरपीचा हिशोब पाहू. २००९ पासून केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, जाहीर करतं. २०२५–२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. तुमच्या कारखान्याचा उतारा ११.५ टक्के असेल तर १२.५ टप्पे वर, म्हणजे ४३.२५ रुपये जादा. एकूण ३९८.२५ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. महाराष्ट्रात यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८०० रुपये धरली तर हातात ३,१८२ रुपये ५० पैसे.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो. थकवणाऱ्यावर साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढू शकतात. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने राज्यात एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

ही झाली जमीन. छत किती उंच असावं हे एफआरपी सांगत नाही. रंगराजन समितीने सुचवलेलं ७०:३० चं सूत्र महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने स्वीकारलं: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा. पण उत्पन्न किती आणि उपपदार्थ कशात धरायचे, हे कागदावर कारखानाच मांडतो. त्या कागदाला हात लावायचा हक्क कुणाला, इथे सहकारी आणि खासगी कारखान्यातला फरक सुरू होतो.

मी सभासद नाही, माझा ऊस खासगी कारखान्याला जातो. सहकाराशी माझा काय संबंध?

तुमच्या दराशी संबंध आहे. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, ठरावीक कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, म्हणजे झोनबंदी, त्याच सुमारास गेली आणि ऊस कुठेही घालायची मोकळीक आली. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांत सहकारी आणि खासगी निम्मेनिम्मे आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हंगामाच्या तोंडावर एखादा चांगला चाललेला सहकारी कारखाना पहिली उचल, म्हणजे दराचा पहिला हप्ता, जाहीर करतो, शेतकरी संघटना तो आकडा उचलून धरतात आणि मग आसपासच्या कुणालाच त्याच्या फार खाली राहता येत नाही. गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, मिळवायला खासगीवाल्याला दर जुळवावाच लागतो. सहकाराच्या फायद्यातला हा भाग ताळेबंदात कुठेच दिसत नाही आणि बहुधा तोच सर्वांत मोठा असतो. एक रुपयाचा शेअर न घेतलेल्या माणसालाही तो मिळतो.

याची उलटी बाजू सभासदांना खुपते. आम्ही कर्जाचा धोका घेतला, कपाती सोसल्या आणि दर मात्र सगळ्यांना मिळाला! ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच पुष्कळ जण सभासद राहूनही चार पैसे जास्त मिळाले की ऊस बाहेर घालतात. पण प्रत्येकाने तसं केलं की सहकारी कारखाना गाळपाविना बसतो, आणि तो बसला की बाहेरचे ते चार पैसेही जातात. कारण ते पैसे स्पर्धेमुळे मिळत होते. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट राज्यात आहे. तिसरा स्पर्धक लगेच उभा राहत नाही.

ऊसबिलात इतक्या कपाती कशाच्या असतात?

बिल हातात घेऊन ओळीने वाचलं तर गावाचं सगळं अर्थकारण त्या एका कागदावर दिसतं. वर गट, उसाची जात, नवी लागण की खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस), वजन, दर. खाली पहिली वजावट विकास सोसायटीची: पीककर्ज तिथून घेतलेलं असतं, ते उसाच्या बिलातून परस्पर वळतं. मग उधारीवर घेतलेलं बेणं, खत, कंपोस्ट. मग पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, नदीवरून पाइपलाइन आणलेली असेल तर. मग परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, कुठे शिक्षणसंस्थेसाठी टनामागे दोन-पाच रुपये, कुठे मुख्यमंत्री सहायता निधी.

यातल्या पहिल्या तिन्ही ओळी सहकाराचं बळ दाखवतात. जिल्हा बँकेला लहान शेतकऱ्याला तारणाशिवाय कर्ज देणं जमतं, कारण वसुली कारखान्यातून होणार हे नक्की असतं. ऊस नसलेल्या कोरडवाहू गावातल्या सोसायटीला ही सोय नाही, म्हणून तिथली थकबाकी वेगळी दिसते. ठेवींच्या ओळींबाबत मात्र जागरूक राहा. परतीच्या ठेवीवर व्याज किती आणि परत कधी, बिनपरतीची ठेव कोणत्या सभेच्या ठरावाने कापली, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. विस्तारासाठी सभासदांनी बिनव्याजी पैसा देणं यात गैर काही नाही. प्रवरेपासून सगळे कारखाने असेच मोठे झाले. विचारून देणं आणि न विचारता कापलं जाणं यात मात्र फरक आहे.

मी पाचट काढून स्वच्छ, पक्व ऊस पाठवतो. शेजारी कोवळा, मुळ्यामातीसकट पाठवतो. दर दोघांना सारखाच का?

कारण दर ठरतो तो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. प्रत्येक ट्रॅक्टरमागे रस तपासून वेगळं पैसे देणं आपल्याकडे रुजलेलं नाही. त्यामुळे चांगल्याचा फायदा सगळ्यांत वाटला जातो आणि वाईटाचा तोटाही. को ८६०३२ आणि फुले २६५ या जातींत हेच घडलं. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला २६५ वजनाला भरतो, पण पक्व उशिरा होतो. हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर उतारा कमी. शेतकऱ्याला टन हवेत, कारखान्याला साखर हवी. शेवटी कारखान्यांनी मार्ग काढला तो नोंदीच्या शिस्तीतून: कोणती जात कधी लावायची आणि कोणत्या पंधरवड्यात तोडायची. वशिल्याने ही पाळी मोडली जाते, तेव्हा ज्याचा ऊस मागे राहतो फक्त त्याचंच नुकसान होत नाही, सगळ्यांचा उतारा पडतो. तोडणी कार्यक्रम गट ऑफिसात भिंतीवर लावायचा आग्रह धरा.

एकाला दोन एकर, एकाला चाळीस एकर. मत एकच असेल तर फायदाही सारखा होतो का?

कागदावर होतो. प्रत्यक्षात काय होतं, हे अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज राय या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ च्या आकड्यांवरून तपासलं. त्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: सभासदांच्या जमिनींत विषमता जितकी जास्त, तितका उसाचा दर कमी राहतो आणि कारखान्याची गाळपक्षमताही. कारण असं की दर पाडला की तोटा उसाच्या प्रमाणात सगळ्यांनाच होतो, पण त्यातून कारखान्यात साठलेला पैसा कुठे खर्च करायचा हे ज्यांच्या हातात संचालक मंडळ आहे ते ठरवतात. बड्या बागायतदाराला दरात गेलेलं दुसऱ्या वाटेने भरून काढता येतं. छोट्याला नाही.

मला यातून एकच व्यावहारिक गोष्ट दिसते. छोट्या सभासदाचं हित दरात असतं, इतर कशातही नाही. ‘दर थोडा कमी पण बाकी सोयी बघा किती’ असं कुणी सांगू लागलं की दोन एकरवाल्याने सावध व्हावं.

पण शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज, दवाखाना हे फायदे नाहीत का?

आहेत, आणि मोठे आहेत. लोणीत १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याभोवती दूध, शिक्षण, बाजार असं सगळं उभं केलं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली उभी राहिली ती ऊस उत्पादक सभासदांच्याच बळावर, आणि तिथलं बेणं, माती परीक्षण, प्रशिक्षण यांचा उपयोग आज खासगी कारखान्यांच्या शेतकऱ्यालाही होतो. तालुक्याच्या गावात वर्कशॉप, टायरची दुकानं, ट्रॅक्टरचे शोरूम उभे राहिले ते ऊसबिलाच्या पैशावर. शेतकऱ्याची मुलगी इंजिनिअर झाली ती एसटीच्या अंतरावर कॉलेज होतं म्हणून. ही यादी खोटी ठरवता येणार नाही.

प्रश्न मालकीचा आहे. कारखाना सहकारी असतो, पण शिक्षणसंस्था बहुतेक ठिकाणी स्वतंत्र न्यास म्हणून नोंदलेली असते. सभासदांच्या टनामागच्या कपातीतून इमारत उभी राहते आणि विश्वस्त कोण हे ठरवायचं मत सभासदाला नसतं. तुमच्याकडे काय आहे ते तपासा.

ऊसतोड कामगारांना सहकारातून काय मिळालं?

फार थोडं. या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे.

दिवाळी झाली की बीड, जालना, पाथर्डी, शेवगावकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्याकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला चार-पाच महिने फडात. पहाटे चारला ऊस तोडायला सुरुवात, रात्री ट्रक आला की मोळ्या भरायच्या, थंडीत पालाची किंवा पाचटाची कोपी. बाई गरोदर असो की आजारी, खाडा झाला की दंड. बीडमधल्या कामगार बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

हे सगळं सहकाराच्या अंगणात का घडतं? तोडणी-वाहतूक उसाच्या दरातून वजा होते, हे वर आलंच आहे. म्हणजे तोडणीचा दर टनाला शंभर रुपयांनी वाढला की शेतकऱ्याच्या हातातले शंभर रुपये जातात. शेतकरी आणि कामगार यांना एकाच वजाबाकीच्या दोन टोकांना उभं केलेलं आहे. त्यातल्या एकाला कारखान्यात मत आहे, दुसऱ्याला नाही. कामगार कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. करार मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी. जिथे मत पोचत नाही तिथे फायदाही पोचत नाही, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत थोडं पाऊल पुढे पडलं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे असं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. पण हे कल्याण झालं, हक्क नव्हे. कामगारांच्या स्वतःच्या मजूर संस्थेशी कारखान्याने थेट करार करावा, मुकादमाला जाणारं कमिशन त्या संस्थेला द्यावं आणि तोडणीदराच्या वाटाघाटीत तिला जागा असावी, ही मागणी सभासदांनीच सभेत मांडायला हवी. ‘खुशाली’ आणि ‘एंट्री’च्या नावाने फडात पैसे मागितले जातात म्हणून शेतकरी चिडतात, ते समजतं. पण उचलीच्या व्याजात अडकलेल्या माणसाकडे दुसरा दरवाजा ठेवलेलाच नाही.

पाण्याचं काय?

लागवडीखालच्या जमिनीचा छोटासा हिस्सा आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा, असं उसाचं राज्यातलं गणित आहे. कारखाना आला की त्याला पूर्ण क्षमतेने ऊस लागतो, म्हणून कमी पावसाच्या भागातही ऊस वाढतो. धरणाखालच्या सभासदाचा फायदा वरच्या आणि टोकाच्या गावाच्या पाण्यातून येत असेल तर तो हिशोबात धरायलाच हवा. ठिबकला कारखान्याने अनुदान आणि बिनव्याजी हप्ते दिले तर थोडा फरक पडतो. वाचलेलं पाणी आणखी उसाला गेलं तर तोही पडत नाही.

इतके कारखाने बंद का पडले? सहकारच चुकीचा होता का?

कारणं वेगवेगळी आहेत. काही ठिकाणी ऊसच पुरेसा नव्हता, कारखाना निघाला तो तालुक्याला एक हवा म्हणून. गोव्यातला एकुलता एक, धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी कारखाना २०१९–२० पासून थंड आहे. तिथे ऊस कमी आणि यंत्रं जुनी, ही दुखणी बरीच आधीची होती. काही ठिकाणी झेपणार नाही इतका विस्तार झाला. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढची अनेक वर्षं तिथेच थांबली. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. उताऱ्याचा पाया १० वरून १०.२५ टक्के झाला हे धरलं तरी ही तफावत मोठी आहे. कच्चा कारभार असलेला कारखाना अशा कात्रीत टिकत नाही.

आणि काही ठिकाणी सरळ लूट झाली. सरकारची थकहमी (कर्ज थकलं तर सरकार भरेल अशी हमी) असल्याने बँकेने डोळे झाकून कर्ज दिलं, संचालकांना बुडण्याची भीती उरली नाही. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेवर प्रशासक आला, तोवर अनेक कारखाने लिलावाच्या वाटेवर होते. लिलावात जमीन आणि यंत्रं गेली, सभासदांच्या भागांना काही उरलं नाही. सरकारी आधार प्रवरेच्या वेळी लागला होता, तो योग्यच होता. तोच आधार कायमचा झाला तेव्हा त्याने सभासदांची जागरूकता मारली, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेनॉल आणि विजेचा पैसा सभासदाला मिळतो का?

७०:३० च्या सूत्रात उपपदार्थ धरलेले आहेत, त्यामुळे मिळायला हवा. आसवनी (इथेनॉल तयार करणारा प्रकल्प) किंवा वीजप्रकल्प वेगळ्या कंपनीच्या नावाने असेल तर मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) तिला कोणत्या भावाने दिलं, हा आकडा पाहा. सगळी मेख तिथे असते. इथेनॉलचा भरवसाही धोरणावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आलं, तेव्हा नुकतंच कर्ज काढून आसवनी उभारलेल्यांची धांदल उडाली.

ज्याला जमीनच नाही त्याला सहकारातून काही मिळू शकतं का?

दुधातून मिळू शकतं. १९४६ मध्ये आणंदला खेडा जिल्ह्याचा संघ निघाला, १९६३ मध्ये कोल्हापूरचा. दोन म्हशी असल्या की सभासद होता येतं, सातबारा लागत नाही. पैसा दहा दिवसांनी येतो, वर्षाने नाही, आणि पुष्कळ घरांत तो बाईच्या हातात पडतो. ऊसपट्ट्यात चाऱ्याला वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळतात, त्यामुळे ऊस आणि दूध एकमेकांना धरून चालतात. साखरेपेक्षा दुधाचा पैसा गावात जास्त खोलवर झिरपतो, असं मी ठामपणे म्हणेन.

वार्षिक सभेचा अहवाल आला आहे. चाळीस पानं वाचायला वेळ नाही. काय पाहू?

गेल्या तीन वर्षांचा अंतिम दर आणि शेजारच्या दोन कारखान्यांचा दर शेजारी शेजारी लिहा. मग एक क्विंटल साखर तयार करायचा प्रक्रिया खर्च आणि त्यातलं व्याज पाहा. व्याजाचा आकडा दरवर्षी फुगत असेल तर पुढच्या दरावर घाला येणार. गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून किती कर्ज उचललं आहे ते पाहा. लेखापरीक्षकाचे शेरे शेवटच्या पानांत बारीक टायपात असतात, ते आधी वाचा. हिशोबाची कागदपत्रं पाहायचा हक्क सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने दिला आहे. गैरव्यवहाराचा संशय असेल तर कलम ८३ ची चौकशी आणि नुकसानवसुलीसाठी कलम ८८ आहे. काट्याबद्दल शंका असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा. भरलेली गाडी बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायला कारखाना मनाई करू शकत नाही.

वडील वारले. शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे. आईला मत देता येईल का?

नाव लागल्याशिवाय नाही. हा प्रश्न किरकोळ समजला जातो, पण मयत सभासदांच्या नोंदी वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि तितकी मतं कमी होतात. कलम ३० नुसार नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावाने भाग वर्ग होतात. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, सातबारा आणि बाकी वारसांचं संमतिपत्र घेऊन शेअर विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. घरात मुलाचं नाव लावायची घाई असते. आईच्या नावाने जमीन असेल आणि ऊस तीच सांभाळत असेल तर शेअरही तिच्याच नावावर लावा. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, आणि उत्पादक सभासद असलेल्या बायका यादीत कमी असल्या की त्या जागा संचालकांच्या घरातच फिरतात. अर्ज हंगाम संपल्यावर, निवडणुकीची धामधूम सुरू होण्याआधी द्या. प्राथमिक मतदार यादी लागली की स्वतः जाऊन नाव तपासा, नसेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या.